तराफ्यावरची भेट आणि 1809 साल

5 मार्च 1809 रोजी पेशावरात, अफगाण बादशहा शाह शुजाच्या दरबारात, एकोणतीस वर्षांचा एक इंग्रज उभा होता. सिंहासनावरच्या बादशहानं रत्नजडित चिलखत घातलंय असं त्याला आधी वाटलं. नजर स्थिरावल्यावर लक्षात आलं, की तो हिरवा अंगरखा आहे आणि त्यावर सोन्याची, हिऱ्यामाणकांची मोठाली फुलं आहेत. एका बाजूबंदात कोहिनूर होता. हे सारं त्या इंग्रजानंच पुढे आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं. त्याचं नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन.

मराठी वाचकाला हा गृहस्थ भेटतो तो पुण्याच्या संगमावरचा रेसिडेंट म्हणून, पेशवाईचा शेवट घडवणारा म्हणून. पण संगमावर तो आला 1811 साली. त्याआधी चार वर्षं तो नागपूरच्या भोसल्यांकडे रेसिडेंट होता आणि तिथून त्याला थेट उचलून बिकानेरचं वाळवंट, मुलतान, कोहाट असं फिरवत पेशावरला धाडलं होतं. नागपूरच्या दरबारातली चाल-ढकल सांभाळणाऱ्या माणसाचं काबूलच्या बादशहाकडे काय काम?

काम निघालं होतं एका तराफ्यामुळे.

25 जून 1807 रोजी, पूर्व प्रशियातल्या तिल्सित गावापाशी, नेमन नदीच्या मधोमध नांगरलेल्या तराफ्यावर नेपोलियन आणि रशियाचा झार पहिला अलेक्झांडर एकमेकांना भेटले. अकरा दिवसांपूर्वीच फ्रीडलँडच्या लढाईत झारची फौज धुळीला मिळाली होती. नदीचा एक काठ एकाचा, दुसरा दुसऱ्याचा. म्हणून भेट पाण्यावर. जुलैत तह झाला. रशियानं इंग्लंडशी व्यापार तोडायचा, नेपोलियनच्या नाकेबंदीत सामील व्हायचं, आणि शेजाऱ्यांनाही त्यात ओढायचं, असा त्यातला गाभा होता.

साल 1807चं, पण त्या तराफ्याखालून निघालेल्या लाटा ठिकठिकाणच्या काठांना लागल्या त्या बहुतेक 1809त. त्या काळी लंडनचं पत्र कलकत्त्याला पोचायला पाच-सहा महिने सहज जात. राजकारण बातमीच्या मागून चालत होतं आणि बातमी वाऱ्याच्या मर्जीवर. 1809चा इतिहास वाचताना हे सतत ध्यानात ठेवावं लागतं, कारण त्या वर्षातले कित्येक निर्णय शिळ्या भीतीपोटी घेतलेले आहेत.

कलकत्त्यात गव्हर्नर जनरल लॉर्ड मिंटो नुकताच आला होता. तिल्सितच्या आधीच, मे 1807त, नेपोलियननं इराणच्या शहाशी करार केला होता आणि जनरल गार्दान नावाचा सेनानी तेहरानला रवाना झाला होता. त्यात आता झारही सामील. फ्रेंच आणि रशियन फौजा इराणमार्गे सिंधू ओलांडून येणार, अशी धास्ती मिंटोच्या मनानं घेतली. नकाशावर बोट ठेवून पाहिलं तर मार्ग सरळ दिसतो. वाटेतली वाळवंटं आणि डोंगर नकाशावर फारसे बोचत नाहीत. मिंटोनं तिकडे तीन वकील धाडले. जॉन माल्कम इराणला, एल्फिन्स्टन काबूलकडे आणि चार्ल्स मेटकाफ लाहोरला.

गंमत अशी, की ज्या भेटीनं कलकत्ता घाबरलं त्याच भेटीनं ती भीती निरर्थक करून टाकली होती. इराणला फ्रान्स हवा होता तो रशियाविरुद्ध. नेपोलियननंच रशियाशी हातमिळवणी केल्यावर शहाला गार्दानचा उपयोग उरला नाही. 1809च्या सुरुवातीला गार्दानला तेहरान सोडावं लागलं आणि मार्चमध्ये शहानं इंग्रजांशी तह केला. म्हणजे एल्फिन्स्टन पेशावरात शाह शुजाला फ्रेंच संकटाचं गांभीर्य पटवत होता, तेव्हा ते संकट आवराआवर करून निघालं होतं. तरी करार झाला. कलकत्त्यात त्यावर 17 जूनला शिक्कामोर्तब झालं, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस निमल्याच्या लढाईत भाऊबंदकीनं शाह शुजाची गादी गेली.

लाहोरकडची हकिकत मात्र इतकी हास्यास्पद नाही. मेटकाफ सप्टेंबर 1808त कसूरजवळ रणजितसिंगाच्या छावणीत पोचला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. रणजितसिंग सत्तावीसचा. लाहोर त्यानं एकोणिसाव्या वर्षीच घेतलं होतं. दोघांची मागणी वेगळी. इंग्रजांना फ्रेंचांविरुद्ध दोस्ती हवी होती. रणजितसिंगाला दोस्तीची किंमत हवी होती, आणि ती म्हणजे सतलजच्या अलीकडच्या पतियाळा, नाभा, जिंद अशा शीख संस्थानांवर त्याचं स्वामित्व इंग्रजांनी मान्य करावं. ती संस्थानं आधीच दिल्लीच्या रेसिडेंटकडे आश्रय मागून आली होती. मेटकाफ उत्तर टाळत राहिला. तेव्हा रणजितसिंगानं त्याला छावणीसोबत फिरवत, त्याच्या डोळ्यांदेखत सतलज ओलांडली, फरीदकोट घेतलं, अंबाल्यापर्यंत मजल मारली. वकिलाला साक्षीदार करून टाकण्याची ही युक्ती मोठी नामी होती.

मग वारं फिरलं, आणि तेही युरोपातून. नेपोलियननं स्पेनची गादी बळकावल्यावर स्पॅनिश प्रजा उठली, फ्रेंच फौजा तिथे अडकल्या, ही बातमी हिंदुस्थानात आली. नेपोलियन सिंधूवर येणार नाही हे उमगताच कलकत्त्याचा सूर बदलला. आता दोस्तीची गरज नव्हती, ताकीद पुरेशी होती. फेब्रुवारी 1809त कर्नल ऑक्टरलोनी पलटणी घेऊन लुधियान्याला येऊन ठेपला.

त्याच महिन्यात अमृतसरात एक चकमक झाली. मेटकाफच्या रक्षकदलातले मुसलमान शिपाई मुहर्रमचा ताजिया काढत होते. अकाली फुलासिंगाच्या निहंगांनी त्यांच्यावर हल्ला चढवला. शिपाई मूठभर, हल्लेखोर कितीतरी जास्त. पण शिपायांनी कवायती शिस्तीत गोळीबार करून त्यांना मागे रेटलं. रणजितसिंगानं जातीनं येऊन ती चकमक थांबवली. त्या मूठभर शिपायांची शिस्त बघूनच त्यानं तह केला, असं पुष्कळ इंग्रज लेखक लिहितात. मला ते अर्धंच पटतं. कवायती फौजेपुढे काय होतं हे त्याला चार वर्षांपूर्वीच ठाऊक झालं होतं, आणि ते त्याला दाखवणारा मराठा होता.

1805 साली यशवंतराव होळकर, मागे लॉर्ड लेकची फौज लागलेली असताना, याच अमृतसरला आले होते. इंग्रजांशी एकत्र लढू, असा त्यांचा आग्रह होता. लेक बियास नदीवर येऊन थांबला होता. रणजितसिंगानं मध्यस्थी केली, मदत दिली नाही, आणि यशवंतरावांना तह करून माळव्यात परतावं लागलं. 1809त त्याच शहरात रणजितसिंगासमोर तोच प्रश्न उभा राहिला, फक्त आता तो स्वतःच्या दाराशी होता. 25 एप्रिलला त्यानं अमृतसरच्या तहावर सही केली. सतलज ही हद्द ठरली. दक्षिणेकडचं दार बंद झालेला रणजितसिंग मग कांगडा, मुलतान, काश्मीर, पेशावर असा वळला. पंजाबचं राज्य पुढची चाळीस वर्षं टिकलं त्यात या माघारीचा वाटा फार मोठा आहे. यशवंतराव तेव्हा भानपुऱ्यात होते. तोफा ओतण्याच्या ध्यासात त्यांचं चित्त 1808 साली ढळलं ते परत ठिकाणावर आलं नाही. 1811त ते गेले.

त्यांच्या दौलतीत कारभार उरला नव्हता, नाव तेवढं होतं. त्या नावावर अमीरखान पठाण 1809त जबलपूरच्या बाजूनं नागपूरकर भोसल्यांच्या मुलखात घुसला. रघूजी भोसल्यांनी न मागताच मिंटोनं फौज पाठवली. न मागता आलेल्या मदतीचं बिल पुढे कसं येतं ते नागपूरनं नंतर पाहिलं. गोव्यात तर इंग्रजी पलटणी 1799पासूनच ठाण मांडून होत्या. तिल्सितनंतर चार-पाच महिन्यांतच, पोर्तुगाल नाकेबंदीत येत नाही म्हणून नेपोलियननं लिस्बन घेतलं, पोर्तुगालचं राजघराणं जहाजांत बसून ब्राझीलला गेलं आणि गोव्याचा कारभार थेट रिओ द जानेरोच्या आज्ञेत आला.

आता तराफ्याच्या उत्तरेला. स्वीडननं इंग्लंडशी संबंध तोडायला नकार दिला, म्हणून तिल्सितच्या शब्दाला जागून झारनं 1808त त्याच्या ताब्यातल्या फिनलंडवर स्वारी केली. मार्च 1809त बार्क्ले द तोलीची रशियन फौज गोठलेल्या बॉथनियाच्या आखातावरून, बर्फाचे उंचवटे चढत-उतरत, चालत पलीकडच्या स्वीडिश किनाऱ्यावर उमेओला पोचली. समुद्र ही हद्द असते हा स्वीडिश लोकांचा भरवसा बर्फानं खोटा ठरवला. 13 मार्चला स्टॉकहोममध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्याच राजाला, चौथ्या गुस्ताव आडोल्फला, अटक केली. सप्टेंबरच्या तहात राज्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा, म्हणजे सगळा फिनलंड, रशियाला गेला.

पण जूनमध्ये स्वीडननं नवी राज्यघटना केली. तिच्यात सरकारी अधिकाऱ्यांविरुद्धच्या तक्रारी तपासणारा, राजाच्या नव्हे तर संसदेच्या बाजूचा एक अधिकारी नेमण्याची तरतूद होती: ओम्बुड्समन. महाराष्ट्रात 1971च्या कायद्यानं आलेला लोकायुक्त हा त्याच कुळातला.

युरोपच्या मध्यात त्या वर्षी जे चाललं होतं त्याकडे मात्र साऱ्या जगाचे डोळे होते. नेपोलियन स्पेनमध्ये गुंतलाय हे पाहून ऑस्ट्रियानं एप्रिलमध्ये युद्ध पुकारलं. महिनाभरात नेपोलियन व्हिएन्नाच्या वेशीवर होता. 11 मेच्या रात्री शहरावर तोफा सुटल्या. बेटोवेन भावाच्या तळघरात कानांवर उशा दाबून बसला होता; आधीच अधू होत चाललेल्या कानांना ते धडाके सोसवत नव्हते. गुम्पेनडॉर्फ उपनगरातल्या एका घराजवळ गोळा येऊन पडला. त्या घरात सत्त्याहत्तर वर्षांचा योझेफ हायडन राहत होता. शहर पडल्यावर एक फ्रेंच अधिकारी त्याच्या भेटीला आला आणि त्यानं हायडनच्याच ‘सृष्टी’ या संगीतकृतीतलं एक गाणं म्हाताऱ्याला गाऊन दाखवलं. घर पाडणारा आणि गाणं म्हणणारा एकाच फौजेतला, अशी ती लढाई होती.

21 आणि 22 मेला डॅन्यूबच्या पलीकडे आस्पर्न आणि एसलिंग या खेड्यांत नेपोलियनला मार बसला. लोबाऊ बेटावरून त्यानं होड्यांचे पूल टाकले होते. नदीला पूर आला होता, आणि ऑस्ट्रियन लोकांनी वरच्या अंगानं पाणचक्क्या, ओंडके, दगडांनी भरलेल्या नावा सोडून ते पूल पुन्हापुन्हा तोडले. अर्धी फौज इकडे, अर्धी तिकडे, मधे उफाळलेली डॅन्यूब. दोन दिवसांत दोन्हीकडचे मिळून चाळीस हजारांवर माणसं मेली किंवा जायबंदी झाली. मार्शल लान, नेपोलियनला अरे-तुरे करू शकणाऱ्या थोड्या सोबत्यांपैकी एक, तोफगोळ्यानं पाय गमावून पडला. तो 31 मेला वारला. हायडनही त्याच दिवशी गेला.

जुलैत वाग्रामला नेपोलियननं परतफेड केली. त्या रणावर दोन्ही बाजूंचे मिळून तीन लाखांच्या आसपास सैनिक होते. युरोपनं तोवर इतकी मोठी लढाई पाहिली नव्हती. जिंकला तो, पण आस्पर्ननं दाखवून दिलं होतं की हा माणूस हरू शकतो. शिवाय मदतीला येण्याचं वचन दिलेला झार त्या वर्षी हातचं राखूनच वागला. त्याचं सैन्य गॅलिशियात रेंगाळत राहिलं. तराफ्यावरची मैत्री 1809तच उसवली. डिसेंबरात नेपोलियननं वारसासाठी जोसेफिनला काडीमोड दिला. झारची बहीण काही मिळाली नाही. पुढच्या वसंतात त्यानं ऑस्ट्रियाची राजकन्या केली. त्यानंतर दोन वर्षांनी तोच नेपोलियन तीच नेमन नदी ओलांडून रशियात शिरला.

स्पेनमध्ये इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, 1803त असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला. एप्रिल 1809त तो लिस्बनला उतरला. मे महिन्यात पोर्तोजवळ दारूची पिंपं वाहणाऱ्या नावांतून शिपाई पलीकडे उतरवून त्यानं मार्शल सूलला झोपेत गाठलं म्हटलं तरी चालेल. जुलैतल्या तालाव्हेराच्या लढाईनंतर त्याला वेलिंग्टन हा किताब मिळाला. वॉटर्लू जिंकूनही असई हीच आपली सर्वांत चांगली लढाई, असं तो उतारवयात सांगे.

स्पेनची गादी रिकामी झाल्याचा परिणाम अटलांटिकच्या पलीकडे जास्त खोल गेला. राजाच कैदेत, तर त्याचे सुभेदार कुणाच्या हुकमानं राज्य करतात? हा प्रश्न मे 1809त चुकिसाकात, जुलैत ला पाझमध्ये आणि 10 ऑगस्टला कितोत विचारला गेला. कितोच्या प्रतिष्ठितांनी स्पॅनिश अधिकारी हटवून आपलं मंडळ स्थापलं. शपथ मात्र कैदेतल्या फर्नांदो राजाच्याच नावानं घेतली. हे उठाव वर्ष-दीड वर्षात चिरडले गेले, ला पाझच्या उठावाचा पुढारी मुरियो याला फासावर दिलं, पण प्रश्न चिरडता आला नाही. पुढच्या पंधरा वर्षांत क्यूबा-पोर्तो रिको वगळता स्पेनचं जवळजवळ सगळं अमेरिकी साम्राज्य गेलं. 10 ऑगस्ट हा आजही इक्वादोरचा राष्ट्रीय दिन आहे.

याच वर्षी जन्मलेल्यांची यादी केली तर दमछाक होते: मेन्डेल्सोन, पो, टेनिसन, गोगोल, ग्लॅडस्टन. तोफा गर्जत होत्या तेव्हा खरा इतिहास पाळण्यांत निजला होता, असं म्हणण्याचा मोह इथे प्रत्येकाला होतो. दृष्टांत म्हणून तो गोड आहे, पण त्यात पाळणे आणि तोफा दोन वेगळ्या जगांतले ठरतात. ते तसे नव्हते.

लुई ब्रेलचंच घ्या. पॅरिसजवळच्या कूव्रे गावात, खोगिरं बनवणाऱ्याच्या घरी, 4 जानेवारीला तो जन्मला. तीन वर्षांचा असताना बापाच्या कामाच्या जागी चामड्याशी खेळता खेळता आरी डोळ्यात गेली. संसर्गानं दुसराही डोळा गेला. 1814त नेपोलियन पडला तेव्हा परक्या फौजांचे शिपाई त्या गावातल्या घराघरांतून राहत होते. पुढे पॅरिसच्या अंधशाळेत त्याच्या हाताखाली आली ती तोफखान्यातून निवृत्त झालेल्या शार्ल बार्बिएची ठिपक्यांची लिपी. बारा ठिपक्यांची ती किचकट रचना त्यानं पंधराव्या वर्षी सहा ठिपक्यांवर आणली; एका बोटाच्या पेराखाली मावेल इतकी.

कलकत्त्यात, अमृतसरच्या तहाच्या आठवडाभर आधी, 18 एप्रिलला हेन्री डिरोझिओ जन्मला. सतराव्या वर्षी तो हिंदू कॉलेजात शिकवायला लागला. त्याची पोरं सगळ्याच गोष्टींवर वाद घालतात म्हणून 1831त त्याला राजीनामा द्यावा लागला, आणि त्याच वर्षी पटकीनं तो गेला. वय बावीस.

आणि 12 फेब्रुवारी. या एकाच दिवशी इंग्लंडातल्या श्रूझबरीत एका सधन डॉक्टरच्या घरी चार्ल्स डार्विन आणि केंटकीतल्या एका खोलीच्या ओंडक्यांच्या झोपडीत अब्राहम लिंकन जन्मले. डार्विन ज्या ‘बीगल’ जहाजावरून जग फिरला त्याचं काम दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याची मोजणी करणं हे होतं. ती मोजणी इंग्लंडला हवी होती, कारण स्पेनचं राज्य उठल्यावर ती बंदरं इंग्रजी व्यापाराला उघडली होती. कितोच्या ऑगस्टमधला तो प्रश्न कुणी विचारला नसता, तर ‘बीगल’ला तिकडे जायचं फारसं कारण उरलं नसतं.

लिंकनचा धागाही नेपोलियनच्याच हातातून येतो. 1803त पैशाच्या आणि युद्धाच्या गरजेपोटी त्यानं लुइझियाना नावाचा अफाट प्रदेश अमेरिकेला दीड कोटी डॉलरना विकला. त्या नव्या जमिनीवर गुलामगिरी चालू द्यायची की नाही, या भांडणानं अमेरिका पुढे अर्धं शतक पोखरली गेली. 1854त त्याच प्रदेशातल्या कॅन्सस-नेब्रास्काच्या कायद्यानं वकिलीत रमलेल्या लिंकनला परत राजकारणात खेचलं. मग यादवी युद्ध आलं, अमेरिकी कापूस अडला, मुंबईत कापसाचा भाव आभाळाला भिडला, आणि 1865त युद्ध संपताच शेअर बाजार असा कोसळला की नामांकित पेढ्या बुडाल्या.

इकडे गादी गमावलेला शाह शुजा हिंडत हिंडत रणजितसिंगाच्या आश्रयाला आला. 1813त कोहिनूर त्याच्याकडून लाहोरला गेला. ज्या फ्रेंचांच्या भयानं हा सगळा खटाटोप झाला ते फ्रेंच पंजाबात अखेर आले, पण 1822 साली, आणि नोकरी मागायला. नेपोलियनच्या मोडलेल्या फौजेतले फ्रेंच आलार आणि इटालियन व्हेंतुरा रणजितसिंगाच्या पलटणींना कवायत शिकवू लागले. एल्फिन्स्टन काबूलच्या राज्याचा ग्रंथ लिहून मोकळा झाला, आणि 5 नोव्हेंबर 1817ला खडकीच्या लढाईच्या दिवशी पेशव्यांच्या फौजेनं संगमावरचा त्याचा बंगला जाळला तेव्हा त्यात त्याची पुस्तकंही जळाली. बारा दिवसांत शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण होतं.

त्या पुण्यात दहा वर्षांनी जोतीराव फुले जन्मले. 1873 साली त्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या लोकांना, गुलामांना दास्यातून मुक्त केल्याबद्दल.